शिरीषाचं दुसरं टोक

बाबांचा शेवटचा धड दिवस एका आडव्या झाडाजवळ गेला.

दवाखान्यापुढचा रस्ता रुंद करायचा म्हणून तिथला जुना शिरीष आदल्या दिवशी पाडला होता. फांद्या तोडून झाल्या होत्या, बुंधा तेवढा राहिला होता. त्याचं एक टोक रस्त्याच्या कडेला होतं आणि दुसरं उतरून चरात, झुडपांत घुसलेलं. झाडं पाडायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे तोड्या म्हणत. तोड्याला झाड दिसलं की भट्टी दिसायची. वीटभट्टीच्या तोंडात मावतील एवढी खांडकं करायची, ट्रक भरायचा, मोकळं व्हायचं. त्याची माणसं करवतीचं मशीन हातात घेऊन उभीच होती, तेवढ्यात आमचा ट्रॅक्टर पोहोचला.

मी सुट्टीला घरी आले होते. शहरात एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळते. घरी आले की दुसऱ्याच दिवशी बाबा विचारायचे, काही काम आहे का तुला. मी नाही म्हणायचे, आणि आम्ही निघायचो.

बाबा सुरुवातीला कुणाशी भांडत नसत. त्यांनी तोड्याच्या माणसांसाठी चहा मागवला, बुंध्यावर बसले, आणि आपल्या वखारीत कापून पडलेल्या सालींचा नि तुकड्यांचा सगळा ढीग बदल्यात देऊ केला. तोड्याला यात काहीतरी डाव वाटला. लाकूड देऊन लाकूडच घ्यायचं, तर एवढी उठाठेव कशाला, असं तो म्हणाला.

"माझं लाकूड छान पेटेल," बाबा म्हणाले. "तुझ्या लाकडाचं टेबल होईल. विटेला काय रे, काहीही घाल, लालच होते."

तोड्या हसला. ढीग बुंध्यापेक्षा मोठा आहे हे त्याने आधीच हिशेबात धरलं असणार. हो म्हणाला आणि माणसांना मशीन खाली ठेवायला लावलं.

मग आमचं काम सुरू झालं. रस्त्याकडेच्या झाडात लोखंड असतं. कुणी पाटी ठोकतं, कुणी तार बांधतं, कुणी जनावर बांधायला कडी मारतं, आणि झाड काही बोलत नाही. वर्षावर्षाला थोडं थोडं गिळत जातं. करवतीच्या पात्याला असा एक खिळा लागला की पातं तुटतं, कधी उडून माणसालाही लागतं. म्हणून लाकूड चिरणारे गिरणीवाले असली झाडं दारातही घेत नाहीत. बाबांची घेत, कारण बाबा हात फिरवून सांगत. एका बाजूने ते आणि दुसऱ्या बाजूने मी, असं बुंध्यावर तळवा दाबत चालायचं, संशय आला की लहान हातोडीने ठोकायचं. लोखंड असलेल्या जागी साल आवळून आल्यासारखी असते, पोटावरच्या जुन्या टाक्यासारखी. मी शाळेत जायच्या आधीपासून ती दुसरी बाजू माझी आहे.

त्या दिवशी पाट्यांचे खिळे बरेच निघाले. एक माझ्या बाजूला, पूर्ण बुजलेला. मी ठोकून दाखवलं तेव्हा तो कोरून काढायला बाबांनी नुसती पटाशी माझ्या हातात दिली. शाबासकी द्यायची त्यांची हीच रीत होती.

रस्त्याकडच्या टोकाला आम्ही रंग फासला. ओल्या ओंडक्याचं पाणी टोकांतून पळतं. टोकं उघडी राहिली की ऊन लागून तडकतात आणि तडा आत आत चालत जातो. म्हणून आधी टोकं बुजवायची. उरलेला कसलाही रंग चालतो. त्या दिवशी कुणाच्यातरी दरवाजाचा हिरवा होता. तो सुकल्यावर बाबांनी त्यावर कोळशाने रेघा मारल्या, कुठून कुठून चिरायचं त्याच्या. जाड फळ्या काढायच्या होत्या त्यांना. चरातलं टोक मात्र झुडपांत अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी क्रेनवाला येऊन बुंधा वर ओढणार, तेव्हा ते रंगवू, असं ठरलं.

येताना त्यांनी शिंक्याची नक्कल करून दाखवली. शिंक्या म्हणजे गिरणीचा मालक. तोंडावर शेठ, पाठीमागे शिंक्या. शिरीषाचा भुसा नाकात गेला की कुणालाही शिंका येतात, पण शेठना ओंडका दारात दिसला तरी येतात, असं बाबा म्हणाले. मी स्टिअरिंगवर हसत होते आणि ते ओरडत होते, पुढे बघ.

सकाळी ते ओट्यावर बसून बूट घालत होते. आई चहा घेऊन बाहेर आली तर ते भिंतीला टेकलेले होते. एका पायात बूट होता.

घर माणसांनी भरलं. आत्या आली, काका आले, दादा बायकोसह शहरातून आला. बायका आईभोवती बसल्या, पुरुष अंगणात. ऊन रोज कडक पडत होतं. येणारा प्रत्येक जण दारातून आत येताना कपाळ पुसत होता आणि म्हणत होता, काय ऊन आहे. मी पाणी द्यायची. कुणी सांगत होतं बाबा किती सरळ होते, कुणी सांगत होतं किती हट्टी होते. मी ऐकत होते, मान हलवत होते, आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. चरातलं टोक उघडं आहे.

हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मी स्वतःला दोनदा समजावलं. मग एका दुपारी कपाळ पुसत आणखी एक पाहुणा आत आला, आणि मी उठले, वखारीतून हिरव्या रंगाचा डबा, ब्रश नि कोयता घेतला आणि सगळ्यांच्या देखत अंगणातून निघाले.

आत्याने विचारलं, कुठे निघालीस. मी सांगितलं.

"घरात माणूस गेलंय," आत्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि ही रंगरंगोटीला निघाली."

मी थांबले नाही. आई दारातच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला खुंटीवर लटकणाऱ्या उन्हाच्या टोपीकडे. टोपी मी घेतली.

चरात उतरायला वाट नव्हती. ओढणी काट्यात अडकली ती तिथेच सोडून मी खाली घसरले. कोयत्याने झुडूप मोकळं केलं तेव्हा टोक दिसलं. बाहेर पांढरट लाकडाचं कडं, आत गडद तपकिरी गाभा, ओल्या मातीसारखा. कडेपासून केसासारखा एक तडा निघाला होता. अजून गाभ्यापर्यंत पोहोचला नव्हता. मी हाताने टोक पुसलं, रंग लावायला ब्रश बुडवला, आणि थांबले.

सालीपासून पंजाभर आत एक निळसर काळा डाग होता, कापडावर शाई सांडल्यासारखा, एका बाजूला ओघळलेला. लोखंड ओल्या लाकडात राहिलं की असाच डाग पडतो आणि धाग्याधाग्यातून लांबवर पसरतो. आत कुठेतरी, खोल, काहीतरी होतं. वरून हात फिरवून ते लागलं नसतं. बाबांनाही लागलं नव्हतं. आणि हे टोक त्यांनी पाहिलंच नव्हतं.

डाग कुठे आहे हे मी नीट मनात धरलं, कडेच्या सालीवर कोयत्याने दोन वार करून खूण केली, मग सगळं टोक रंगवून टाकलं. वर चढून आले तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवरची माणसं बघत होती. माझे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते. घरी पोहोचले तेव्हा आईने रॉकेलची बाटली आणि चिंधी आणून माझ्यापुढे ठेवली.

पाहुणे पांगल्यावर दादा आणि काकांनी वखारीचं बोलणं काढलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबांनी वर्षानुवर्षं साठवलेल्या फळ्या होत्या, थरावर थर, मध्ये हातभर अंतरावर पातळ पट्ट्या घालून, म्हणजे वारा फिरावा. काही इतक्या जुन्या की त्यांची झाडं कुठे होती हे फक्त बाबांना आणि मला ठाऊक. सुतार दूरदूरहून यायचे आणि बाबा त्यांना परत पाठवायचे, अजून तयार नाही म्हणून. काकांचं म्हणणं, ही सगळी अडगळ आहे. दादाने खोकी बनवणाऱ्या एका व्यापाऱ्याला बोलावलं होतं. फळं भरायची खोकी.

व्यापारी माणूस वाईट नव्हता. शेडमध्ये आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि खालच्या थरातली एक फळी बघायला म्हणून ओढू लागला. वरचा अख्खा थर कलला. मी जाऊन फळीवर पाय ठेवला.

तो म्हणाला, ताई, बोटं जातील माझी. मी म्हणाले, मग सोडा.

त्याने सोडली. दादा लाजला. व्यापाऱ्याला चहा पाजून त्याने वाटेला लावलं आणि मागे येऊन हळू आवाजात मला झापायला सुरुवात केली. दादा ओरडत नाही. लहानपणी आजारी असायचा, तेव्हापासून भुशात त्याचा जीव घाबरतो. बाबांनी त्याला कधी शेडमध्ये यायला सांगितलं नाही, तरी वखार दादाची असं घरात सगळे धरून चालत. तो म्हणाला की आई एकटी राहणार, त्याला इथे येऊन राहता येणार नाही, आणि असं लाकूड ठेवून कुणाचं भलं झालंय.

"आणि तू काय करणार आहेस? रविवारी येऊन त्याला वारा घालणार?"

मी म्हणाले, आधी शिरीष आणणार.

काका हसले. तोड्याने निरोप पाठवलाच होता, की सौदा बाबांशी होता, बाबा नाहीत तर सौदा नाही, भट्टीचा ट्रक शनिवारी येतोय. मी ट्रॅक्टर काढला, वखारीतला सालींचा ढीग ट्रॉलीत भरायला घेतला. एकटीच भरत होते. थोड्या वेळाने आई आली आणि पलीकडच्या बाजूने भरू लागली. तिने पदर खोचला होता. काका म्हणाले, वहिनी, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, बघत उभे राहण्यापेक्षा तुम्हीही दोन हात लावा, मग लोक तुमच्याबद्दलही म्हणतील.

काका आत गेले.

तोड्याच्या दारात मी ट्रॉली उपडी केली. तो बनियनवर बाहेर आला. मी सांगितलं की बाबांचा शब्द पुरा झालाय, आता त्याचा राहिलाय. तो म्हणाला, हे आधी विचारायचं. मी म्हणाले, परत भरायचा असेल तर भर, मी ट्रॉली घेऊन थांबते. शेजारपाजारचे दारात आले होते. ढिगाकडे बघून कुणीतरी म्हणालं, वर्षभराची सोय झाली की तुझी. तोड्याने ढीग पाहिला, मला पाहिलं, आणि क्रेनवाल्याला स्वतःच फोन लावला.

राहिला शिंक्या. गिरणीत गेले तेव्हा तो पातं घासत बसला होता. बाबांविषयी दोन चांगले शब्द बोलला, डोळे पुसले, आणि ओंडक्याचं नाव काढताच पातं खाली ठेवलं. रस्त्याकडचं झाड तो घेणार नाही. बाबांवर विश्वास होता म्हणून घ्यायचा.

"ते हात फिरवून सांगायचे. आता कोण सांगणार?"

"मी."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. नखांत अजून हिरवा रंग होता. मग म्हणाला, ठीक आहे, पण एक अट. आत लोखंड निघालं आणि पात्याला लागलं, तर इथून पुढे तुमच्या वखारीचं एक लाकूडही या गिरणीत चिरलं जाणार नाही. कधीच. आसपास दुसरी गिरणी नव्हती. गिरणी नाही म्हणजे वखार नाही, मग दादाचा व्यापारी बरोबर. मी हो म्हणाले.

शुक्रवारी ओंडका गिरणीत आला. दादाही आला, तोंडाला रुमाल बांधून. मी परत सगळा बुंधा हाताखालून घातला, यावेळी दोन्ही बाजूंनी एकटीच. दोन तारांचे तुकडे निघाले. शिंक्याने बाबांच्या कोळशाच्या रेघा पाहिल्या आणि त्याला बरं वाटलं. या हिशेबाने रुळावरच्या गाड्यावर चढवा, असं त्याने माणसांना सांगितलं.

मी म्हणाले, नाही. आधी फिरवा. चौथाई वळण द्या, ही सालीवरची खूण वर यायला हवी. आणि पहिली फळी सालीसकट वीतभर जाडीची काढा.

माणसं पहारी हातात घेऊन थांबली. शिंक्या म्हणाला, वीतभर चांगलं लाकूड सालीबरोबर फेकून द्यायचं? काय कारण? मी डागाचं सांगितलं. त्याने टोकाकडे बोट दाखवलं. तिथे हिरवा रंग. डाग कुणालाच दिसत नव्हता. खरवडून दाखव, म्हणाला. मी खरवडायला घेतलं, पण रंग लाकडात मुरला होता. निळं होतं की हिरवं, काही सांगता येईना.

"तुझ्या बापाने रेघ मारून ठेवलीय," शिंक्या म्हणाला. "हयातीत त्या माणसाची रेघ कधी चुकली नाही. ती सोडून मी तुझं ऐकू?"

दादाने माझा हात धरला. रुमालातून म्हणाला, बाबांचं शेवटचं काम आहे, असू दे ना तसंच.

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. त्या रेघा त्यांच्या हाताच्या होत्या. शेवटची रेघ ओढताना कोळसा मोडला होता आणि तिथे थोडी जाड झाली होती. मी पाण्याने भिजवलेलं फडकं घेतलं आणि सगळ्या पुसल्या. एकही ठेवली नाही.

"त्यांनी हे टोक पाहिलं नव्हतं," मी म्हणाले. "मी पाहिलंय. फिरवा."

शिंक्याने मान हलवली, परवानगी म्हणून की कीव म्हणून कळलं नाही. ओंडका फिरला. पकडी घट्ट केल्या. पातं सुरू झालं आणि गाडा रुळावरून पुढे सरकू लागला. शिरीष चिरताना आधी वास येतो, मिरच्या भाजल्यासारखा, मग भुसा नाकात चढतो. पहिली शिंक शेठची. मग माणसांची. दादा रुमालात शिंकत बाहेर पळाला आणि दारातून बघत राहिला. मला शिंक येत नव्हती. मी पात्याचा आवाज ऐकत होते. लोखंड जवळ आलं की आवाज बदलतो असं लोक म्हणतात, पण तसं काही नसतं; आवाज बदलेपर्यंत पातं गेलेलं असतं. पायांखाली जमीन थरथरत होती.

पातं टोकातून बाहेर आलं. अख्खं.

सालीची जाड फळी माणसांनी खाली घेतली. शिंक्या म्हणाला, बाकीचं मग, आधी हिच्यातलं लोखंड दाखव. मी पाचर आणि घण मागितला. घण एकाने पुढे केला आणि स्वतःच मारतो म्हणाला. मी माझ्या हातात घेतला. पहिल्या दोन घावांत पाचर नुसती रुतली. तिसऱ्याला फळी कडाडली आणि डागाच्या ओळीतून उभी फाटली. अर्ध्यावर, काळ्याकुट्ट लाकडात, जनावर बांधायची एक जुनी कडी बसलेली होती, अंगठ्याएवढ्या जाड खिळ्यासकट. खिळ्याचं टोक कापलेल्या पृष्ठभागापासून दोन बोटांवर थांबलं होतं.

शिंक्या खाली वाकला. कडीवरून बोट फिरवलं, बोट नाकापाशी नेलं, आणि शिंकला. मग उठून माणसांवर खेकसला की उभे काय राहिलात, ती सांगेल तशा फळ्या काढा.

मी सांगितलं तशा काढल्या. बाबांनी ठरवलेल्यापेक्षा एक फळी कमी निघाली. पण ज्या निघाल्या त्या नदीच्या पाण्यासारख्या, आत सोनेरी लाट असलेल्या. दादा आत आला होता. लालभडक डोळ्यांनी फळीवर हात फिरवत होता, आणि मला माहीत आहे ते डोळे नुसत्या भुशाने लाल नव्हते.

संध्याकाळी शेडमध्ये आम्ही त्या रचत होतो. दादा आणि मी फळी उचलायचो, आई पट्ट्या लावायची. अगदी सरळ, एकाखाली एक, नाहीतर फळी वाकते. हे मी तिला शिकवलेलं नाही. इतकी वर्षं खिडकीतून बघून तिला येत होतं. काका मागच्या ओट्यावर बसलेले दिसत होते. दादा दमून पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. म्हणाला, खोकीवाल्याला नाही देणार हे. चांगला सुतार शोधू, हळूहळू सगळं चांगल्या हातांत जाईल, मग शेड बंद करू. तू सोमवारी निवांत परत जा. मग माझं कौतुक करावं म्हणून म्हणाला:

"बाबा सगळ्यांना सांगायचे. पोराचं जाऊ दे, पोरीला मी या भुशातून बाहेर काढलं. तेवढं एक काम आयुष्यात नीट केलं, म्हणायचे."

आई पट्टी हातात धरून थांबली. ती बाबांचं हे वाक्य अनेकदा ऐकत आली असणार. मीही ऐकलं होतं, पाहुण्यांसमोर, निकाल लागायचा तेव्हा, नोकरीचं पत्र आलं तेव्हा. दर वेळी मी मान खाली घालून हसले होते आणि त्यांना वाटलं होतं मी लाजते.

मी माझ्या बाजूचं टोक थरावर ठेवलं.

"मला बाहेर यायचंच नव्हतं," मी म्हणाले. आवाज मोठा आला, ओट्यावर काकांनी मान वळवली. "दादा, कधीच नव्हतं. मला ही वखार हवी होती. मला आत्ताही हवी आहे."